द्राझेन बुदिशाचं नेमकं कुठे बिनसलं?

खानापूरकर
बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र. प्रकल्पासाठी क्रोएशियाचा द्राझेन बुदिशा घेतलाय. 1971 च्या विद्यार्थी आंदोलनाचा पुढारी, चार वर्षांची शिक्षा, 1992 ला राष्ट्राध्यक्षपदासाठी तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष तुजमानच्या खालोखाल मतं. आणि 2003 ला त्याच्या उदारमतवादी पक्षाला जागा किती, तर दोन! मधे झालं काय? जाणकारांनी सांगा की ओ.

टिळकवाडीचे काका
टेलिप्रिंटरवरच्या परदेशी बातम्या मराठीत करण्यात माझी नोकरी गेली, म्हणून लिहितो. 1992 चं फार मनावर घेऊ नकोस. तुजमान 57 टक्के, हा 22. खरी संधी 2000 ची. तुजमान डिसेंबर 99 ला वारला, जानेवारीत राचानचे समाजवादी आणि बुदिशाचा पक्ष मिळून संसद जिंकले. राचान पंतप्रधान, बुदिशा राष्ट्राध्यक्ष, असं ठरल्यातच जमा होतं. पण मेसिच नावाचा तिसराच उमेदवार मधे आला आणि फेब्रुवारीत 56-44 नं मारून गेला. रात्रपाळीत आम्ही बुदिशाची माहिती आधीच जुळवून ठेवली होती, ती तशीच पडून राहिली.

पुढचं त्यानं स्वतःच्या हातानं केलं. 2001 ला हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणानं दोन क्रोएशियन जनरलांवर आरोप ठेवले. राचान त्यांना सोपवायला तयार, हा अडून बसला. पक्षाच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले, पण विश्वासठरावाच्या वेळी त्याचेच बरेचसे खासदार राचानच्या बाजूनं! पक्षाचं अध्यक्षपद सोडलं, 2002 ला परत मिळवलं, उपपंतप्रधानही झाला. लगेच स्लोव्हेनियाबरोबरच्या क्र्श्को अणुवीज केंद्राच्या करारावरून पुन्हा मोडलं. त्यात पक्ष फुटला. माझं मत विचारशील तर माणूस पाटीनं उदारमतवादी, आतून 71 चा राष्ट्रवादीच राहिला. राष्ट्रवाद हवा असणाऱ्याला तुजमानचा पक्ष होता, युरोप हवा असणाऱ्याला राचान. मग याला मत द्यायचं कुणी?

निपाणीकर
काका, एकदम निकालात काढू नका. 1995 ला राजधानी झाग्रेब विरोधकांनी जिंकलं, तरी तुजमाननं त्यांचा एकही महापौर मंजूर केला नाही. एकामागून एक नावं नाकारली आणि शेवटी आपल्या पक्षाची बाई बसवली. बुदिशाचा पक्ष तेव्हा त्या लढ्यात पुढे होता. आपल्याकडे बेळगावात 2005 ला सीमाप्रश्नाचा ठराव केला म्हणून सगळी महापालिकाच बरखास्त झाली, तेव्हा कसं वाटलं होतं?

टिळकवाडीचे काका
वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. पण तुलना अर्धीच लागू पडते. तिथं राजधानीच्या महापौराला राष्ट्राध्यक्षाची मंजुरी लागायची, कायदाच तसा. आणि लढ्यात पुढे असणं वेगळं, पक्ष एकत्र ठेवणं वेगळं. एका मतदारसंघात महाराष्ट्र एकीकरण समितीचेच दोन उमेदवार उभे राहिले की काय होतं, हे निपाणीकराला मी सांगायला नको.

खानापूरकर, वलादो गोतोवाच विसरू नकोस. हा कवी, 71 नंतर तोही तुरुंगात गेलेला. 1997 ला पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता. पुला शहरातल्या सभेत लष्कराच्या एका अधिकाऱ्यानं त्याला कमरेच्या पट्ट्यानं मारलं होतं. त्याच वर्षी पक्षात बुदिशाकडून हरला आणि 1998 ला वेगळा लिबरल पक्ष काढला. प्रकल्पात ती फूट आधी घाल, 2002 ची नंतर.