४ गाणी, ७ मिनिटं ४० सेकंद. एवढ्यावर ईपी (छोटी रेकॉर्ड) काढावा का?

बर्डीचा_बेसुरा: नमस्कार मंडळी, आमचा तिघांचा पंक बँड आहे, प्रतापनगरात ड्रमरच्या घरी गच्चीवरच्या खोलीत वाजवतो. चार गाणी रेकॉर्ड झाली, सगळी मिळून ७ मिनिटं ४० सेकंद होऊन राहिली. सगळ्यात लहान सिमेंट रोडवर आहे, ५१ सेकंदांचं, दुसरं कडवंच नाही कारण सांगायचं होतं ते पहिल्यातच संपलं. आता गिटारवाला म्हणते येवढ्याशा मालाले रेकॉर्ड कोण म्हणेल, अजून दोन टाकू, त्यातलं एक स्लो, अकूस्टिक. मले काही पटून नाही राहिलं. असंच काढू का?

४५चा_स्पीड: काढ बे बिनधास्त. बझकॉक्स या पंक बँडचा स्पायरल स्क्रॅच नावाचा ईपी ऐकला का? मँचेस्टरची पोरं, डिसेंबर १९७६ मध्ये एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली, घरच्यांकडून न दोस्तांकडून ५०० पौंड उसने घेतले, कोण्या कंपनीच्या दारात गेले नाही, न्यू हॉर्मोन्स नावाचं आपलंच लेबल काढलं आणि जानेवारी १९७७ मध्ये माल बाजारात. पहिल्या खेपेला १००० कॉप्या, पुढं १६ हजारांच्या घरात गेल्या. त्यातल्या 'बोरडम'चा गिटार सोलो ऐकच, दोन सूर, बस, तेच घोळवत राहते, आधी डोकं फिरते मग दिवसभर तोंडातून जात नाही. आणि कव्हरवर कोणतं गाणं कितव्या टेकला ओके झालं, ओव्हरडब (मागून वर चढवलेले आवाज) किती, सगळं छापलेलं. पाहणाऱ्या पोराले वाटलंच पाहिजे का हे तर आपल्यालेही जमते.

तसंही सात इंची तबकडीवर ४५ च्या स्पीडले (मिनिटाले ४५ फेरे) एका बाजूले चार-पाच मिनिटंच नीट बसतात, जास्त कोंबलं का खाचा बारीक होतात न आवाज पडते. मिनिटमेन बँडची १९८० ची पहिली रेकॉर्ड तर सात गाण्यांची, सात मिनिटांच्या आत खतम. तुमचा गिटारवाला लांबण लावून राहिला.

तर्री_जास्त: रेकॉर्ड ठीक आहे भाऊ, पण शोचं काय? लोकं धरमपेठेत गाडी लावायले जागा शोधेपर्यंत तुमचं संपून जाईल 😄 स्टेजसाठी आठ-दहा गाणी हवीच, ती रेकॉर्ड नका करू. बाकी स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं का प्ले मोजतात, म्हणजे ५१ वालंही चालून जाते. पैशाचं मात्र विसरा, २०२४ पासून वर्षाले १००० प्लेच्या खालच्या गाण्याले काहीच भेटत नाही.

बर्डीचा_बेसुरा: पैसे कोण मागून राहिलं 😂 अजून एक भानगड आहे. मे महिन्यात रेकॉर्ड केलं, त्या खोलीत कूलर बंद ठेवून, टेक झाला का तिघंही जिन्यात पळायचो. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ड्रमरले दम निघाला नाही, क्रॅश मारला न उठून कूलर चालू केला, सिंबल वाजतच आहे न खालून घर्रर्र. टेक बाकी एक नंबर, पुन्हा तसा येणार नाही. काढता येईल का तो आवाज?

मोनो_माणूस: नॉइज रिमूव्हल अजिबात लावू नको, सिंबल बादलीत बुडवल्यासारखे ऐकू येतात. वेव्हफॉर्म (स्क्रीनवरचा आवाजाचा आलेख) मोठा करून पाहा, स्विचचा टक् दिसतेच, त्याच्या जराशा आधी सरळ काप, फेड नको, आणि अर्ध्या सेकंदात पुढचं गाणं सुरू. असा कट मुद्दाम केल्यासारखाच वाटते. सिमेंट रोडवालं सगळ्यात पहिले ठेव. मास्टरिंगमध्ये, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरवताना, लाउड करायच्या नादात ड्रमचा मार नको घालवू, पंकवाले इथंच माती करतात. अकूस्टिकवाल्याले म्हणा आपलं वेगळं काढ.

बर्डीचा_बेसुरा: तो वाचून राहिला हे सगळं 🙈

स्लो_गाणंवाला: वाचलं. ४ च काढा, जा. पण बोरडमचा सोलो दोन सुरांचा असेल तर माझा तीनचा काहून कापला बे?