भाच्याला घड्याळदुरुस्ती शिकवू का?

तिसरी सुई
३१ वर्षं डोळ्याला भिंग लावून बसतोय. एकोणीस वर्षांचा भाचा मागे लागलाय, मामा, मला शिकव. याआधी तीन पोरांना मी सरळ परत पाठवलं होतं. याला नाही म्हणताना मात्र जीभ अडखळली, कारण पोराचा हात खरंच चांगला आहे. चिमट्यात धरलेला स्क्रू जरासुद्धा थरथरत नाही.

धंद्याचं रडगाणं जुनंच. डिसेंबर १९६९ मध्ये सायकोने क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणारं मनगटी घड्याळ आणलं आणि पुढच्या पंधराएक वर्षांत स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातल्या सुमारे ९०,००० नोकऱ्या तीसेक हजारांवर आल्या. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं आज सेल नाहीतर पट्टा बदलायला येतात. शिकवू की नको? स्पष्ट बोला.

काटेकोर
नको. तुम्हाला वारस हवाय, समजू शकतो. पण त्याचं बिल भाच्याच्या नावावर फाडू नका. १९८३ चं स्वित्झर्लंडचंच स्वॉच घड्याळ आठवा: भाग ५१ आणि मागून उघडायला झाकणच नाही. दुरुस्तीवाला लागणार नाही, हे तिथेच ठरलं होतं.

चावीवाली
अहो काटेकोर, त्याच उद्योगाची महागडी घड्याळं आजही चावीची नाहीतर ऑटोमॅटिकच, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी असतात ना? तासाला २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला आठ. आतलं तेल सुकलं की झीज सुरू. दर काही वर्षांनी उघडून, धुऊन, पुन्हा तेल द्यावंच लागतं. बाबांचं घड्याळ सर्व्हिसिंगला दिलंय, सात महिने झाले, नंबर लागलेला नाही. धंदा मेलाय म्हणता, मग ही रांग कसली?

जुना शागीर्द
रांग कसली ते मी सांगतो. दोन वर्षं शिकलो आणि सोडलं. काम येत होतं, भाग येत नव्हते. बऱ्याच बड्या कंपन्या सुटे भाग अधिकृत सेंटरशिवाय कोणाला देत नाहीत. एका घड्याळात बॅलन्स स्टाफचं, म्हणजे ठोके देणाऱ्या चाकाच्या आसाचं टोक मोडलं होतं. टोक म्हणजे जेमतेम केसाएवढं. नवा स्टाफ कुठे मिळेना, म्हणून लेथवर कातायला बसलो. पहिले दोन फुकट गेले, तिसरा बसला. तीन दिवस! गिऱ्हाइकाला सांगितलेली रक्कम पहिल्या दुपारीच संपली होती.

तेव्हा हात चांगला आहे की नाही, हा प्रश्नच नाही. लेथ शिकवणार आहात का? नुसतं खोला, धुवा, तेल द्या एवढंच असेल तर काटेकोर म्हणतात ते बरोबर.

चावीवाली
हे पटलं. पण सोडून मग काय केलंत?

जुना शागीर्द
मोजमापाची उपकरणं जुळवतो. भिंग सुटलं नाही, पण पगार महिन्याला येतो. मुलाखतीत हात बघूनच घेतलं.

काटेकोर
मग सरळ तेच शिकू दे की त्याला! हा वळसा कशाला?

तिसरी सुई
लेथ आहे, धूळ खात पडलंय. खरं सांगायचं तर त्यावर माझाच हात आता बसलेला नाही, शागीर्दांनी बरोबर जागी टोचलं. कॉलेज सोडायचं नाही या अटीवर वर्षभर शिकवीन म्हणतो, सुरुवात लेथपासून. दोघंही शिकू.

वळशाचं म्हणाल, तर गेल्या आठवड्यातली गोष्ट. दिवसाला वीस मिनिटं पुढे पळणारं एक घड्याळ आलं. मी काही न बोलता भाच्यापुढे सरकवलं. पठ्ठ्याने झाकण उघडायच्या आधी होकायंत्र जवळ नेलं, आणि सुई हलली. हेअरस्प्रिंगला, म्हणजे ठोक्यांच्या चाकावरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला चुंबकत्व आलेलं, वेढे एकमेकांना चिकटत होते. हे मी शिकवलं नव्हतं, कुठेतरी वाचलं म्हणाला. डीमॅग्नेटायझरवर धरलं, दहा सेकंदांत काम झालं.

काटेकोर
पोरगा हुशार आहे, मान्य. पैसे किती घेतलेत?

तिसरी सुई
छे हो, तेवढ्याचे काय घ्यायचे?

काटेकोर
हे तेवढं त्याला शिकवू नका.