हातावरच्या जखमेसाठी कातडी मांडीची की पोटाची?

मूळ मत (प्लास्टिक सर्जन)

जिभेच्या कर्करोगात अर्धी जीभ काढावी लागली, की ती नव्याने घडवण्यासाठी आपण मनगटाजवळची कातडी रेडियल धमनीसकट (अंगठ्याच्या बाजूची रक्तवाहिनी) उचलतो. १९८१ मध्ये चिनी शल्यविशारदांनी मांडलेला हा फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिनीसकट उचललेला कातडीचा तुकडा, पातळ आणि लवचिक असल्यामुळे जिभेला उत्तम जमतो. कातडी उचलल्यामुळे हातावर उरलेल्या जखमेचा विचार मात्र दमलेल्या चमूच्या शेवटच्या अर्ध्या तासावर ढकलला जातो. तिथे मांडीची पातळ कातडी लावण्याची सवय आता सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मांडीवरचा सोललेला भाग भरायला दोन-तीन आठवडे लागतात आणि त्या आगीनेच रुग्ण अधिक हैराण होतात. ओटीपोटाची पूर्ण जाडीची कातडी घेतली, तर तिथे टाके घालून एक रेघ उरते आणि हातावरचे आवरणही पुढे कमी आकसते.

प्रतिसाद (कर्करोग शल्यचिकित्सक)

आपला अनुभव मान्य, पण निष्कर्ष मान्य नाही. पहिले दोन दिवस लावलेली कातडी खालच्या पाझरावरच जगते, आणि जाड कातडीला तेवढे पोषण पुरणे अवघड असते. मधुमेही किंवा वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्या माणसात ती काळी पडली आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) उघडे पडले, तर मनगट आखडते. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांत रेडिओथेरपी सुरू व्हायला हवी असते. त्या धावपळीत हाताचे ड्रेसिंगही चालू ठेवणे गावाकडून येणाऱ्या कुटुंबाला झेपत नाही. दिसण्यापेक्षा जखम वेळेत भरणे मला मोलाचे वाटते.

प्रतिसाद (हात-पुनर्वसन फिजिओथेरपिस्ट)

माझ्याकडे येणाऱ्या हातांवरून सांगते, की कातडी कुठली यापेक्षा ती कशावर बसवली हे अधिक ठरवते. टेंडनवरचे नाजूक आवरण खरवडले गेले असेल, तर दोन्ही प्रकार तिथे धरत नाहीत. फ्लॅप उचलताना शक्य तेथे फॅशिया (स्नायूंवरचा पातळ पडदा) जागेवर ठेवावे; आणि जखम लहान असेल, तर करंगळीच्या बाजूची कातडी सरकवून ती बंद करण्याचा पर्याय तुम्ही दोघांनी विचारातच घेतलेला नाही.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

फॅशियाचा मुद्दा मी आधीच मांडायला हवा होता. मधुमेही रुग्णात पातळ कातडी, हेही स्वीकारतो. मात्र कातडी सरकवण्याचा पर्याय मोठ्या जखमेत ताण देतो, आणि ताणाखालची शिवण उसवली की आपण पुन्हा मांडीकडेच वळतो. निरोगी, तरुण रुग्णाच्या बाबतीत माझे मत कायम आहे.