कुरासाव १९६२: फिशरला खरंच अडवलं गेलं का?

पटावरचा:
कुरासाव बेटावरच्या १९६२ च्या बुद्धिबळ कँडिडेट्स स्पर्धेचा (म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेचा) विषय निघाला की एकच सूर लागतो: सोव्हिएत खेळाडूंनी संगनमत करून अमेरिकेच्या बॉबी फिशरची वाट अडवली. संगनमत झालं, हे मलाही मान्य. पेट्रोस्यान, केरेस, गेलर या तीन सोव्हिएत खेळाडूंचे आपसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले, तेही झटपट. पण फिशर त्यामुळे हरला, हे पटत नाही. पेट्रोस्यान १७.५, केरेस आणि गेलर १७, फिशर १४. तब्बल साडेतीन गुणांची तफावत! पहिल्या दोन फेऱ्यांतच तो बेन्को आणि गेलरकडून हरला. पुढे आणखी पाच हार. यात कुणाचं कारस्थान?

तिरका उंट:
नुसता गुणतक्ता पाहून निकाल देऊ नका. आठ खेळाडू, प्रत्येकाशी चार डाव, म्हणजे २८ फेऱ्या, आणि वर कॅरिबियन बेटावरचा मे-जूनचा उकाडा. आपसातल्या झटपट बरोबऱ्यांमुळे त्या तिघांना प्रत्येकी आठ डाव विश्रांतीचे मिळाले! आठांतला बिचारा ताल आजारपणामुळे २१ डावांनंतर बाहेर पडला, थेट रुग्णालयात. फिशर मात्र प्रत्येक डाव जिंकायलाच बसायचा. १९ वर्षांचं पोर ते, त्याच वर्षी स्टॉकहोमची इंटरझोनल (कँडिडेट्ससाठीची पात्रता स्पर्धा) अडीच गुणांच्या आघाडीने जिंकून आलेलं. सुरुवातीच्या दोन हारी त्याच्या पदरात घाला, हरकत नाही. पण ताज्यातवान्या तिघांशी एकट्याने झुंजायला लावणं हा अन्यायच.

नाशिककर:
मला तर जास्त हळहळ केरेसची वाटते. २७व्या फेरीत तो बेन्कोकडून हरला. त्याच बेन्कोला त्याने या स्पर्धेत आधी तीनदा हरवलं होतं. पहिला क्रमांक अर्ध्या गुणाने हुकला. पेट्रोस्यान आणि गेलरविरुद्धच्या आठ डावांपैकी एक जरी ईर्ष्येने खेळून जिंकला असता तर? त्या कराराने सर्वांत मोठं नुकसान त्याचंच केलं.
आणि एका देशाचे खेळाडू म्हणजे मिलीभगत असणारच, असंही नाही. टोरांटोच्या २०२४ च्या कँडिडेट्समध्ये आपले तिघे भारतीय होते. गुकेशने प्रज्ञानंदला हरवलं, प्रज्ञानंदने आमच्या नाशिकच्या विदितला. आता एका देशाच्या खेळाडूंना सुरुवातीच्याच फेऱ्यांत भिडवतात, ते योग्यच आहे.

तिरका उंट:
संगनमताच्या फिशरच्या तक्रारीत तथ्य नसतं तर फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटनेने) साखळी पद्धत मोडून १९६५ पासून बाद फेरीचे सामने कशाला सुरू केले असते? आणि अशाच समोरासमोरच्या सामन्यात १९७१ साली त्याने त्याच पेट्रोस्यानला ६.५–२.५ असं लोळवलं.

पटावरचा:
पद्धत बदलली ते उत्तमच झालं, त्यावर वादच नाही. पण १९७१ चा फिशर २८ वर्षांचा होता, आधी ताईमानोव्ह आणि लार्सन या दोघांना ६–० असं धुऊन आलेला. त्या ताकदीचा दाखला देऊन १९६२ चे सात पराभव पुसता येणार नाहीत. त्या उन्हाळ्यात पेट्रोस्यान एकही डाव हरला नाही. तो आव्हानवीर ठरला आणि पुढच्या वर्षी बोत्विनिकला हरवून जगज्जेता झाला, तो स्वतःच्या बळावर.