मदत हवी आहे: वडगावातलं जुनं घर शाकारायचंय, खानापुरी कौलं कुठं मिळतील?

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला आमचं जुनं दोन खणांचं घर आहे. आम्ही आता फ्लॅटमध्ये राहतो, पण आई अजून ‘घरी जाऊन येते’ म्हणाली की त्याच घरी जाते.

यंदा वानरांनी कौलांचा पार चुरा केलाय. मिस्त्री म्हणतो, पत्रे घाला नाहीतर स्लॅब ओता. पत्र्यावर आपल्याकडचा आषाढातला पाऊस ऐकलाय का कुणी? शेजारी बसलेल्याचं बोलणंही कळत नाही.

पुढच्या खोलीत आजोबांचा खड्ड्यातला हातमाग होता. तो खड्डा बुजवला, तरी तिथली फरशी थोडी खचलेलीच आहे. त्याच्या वरच एक काचेचं कौल. दुपारी त्यातून उन्हाचा चौकोन खाली पडायचा, त्यात सुताची धूळ तरंगताना दिसायची. तो चौकोन भिंतीला टेकला की आजी चहा टाकायची. घड्याळ होतं घरात, पण ते बंदच असायचं.

तर विचारायचं ते असं:

खानापूरच्या भट्टीतली जुनी मंगळुरी पद्धतीची कौलं, साधारण ४००, कुणी घर पाडताना काढून ठेवलीत का? नव्यांचं माप जुन्या रिपांना बसत नाहीये. शाकारणी करणारा जाणता माणूस नंदगड, खानापूर भागात कुणाच्या माहितीत आहे का? आणि काचेचं एक कौल, चिरलेलं असलं तरी चालेल.

मिरगाच्या आधी काम उरकायचंय. आईला अजून सांगितलेलं नाही.