ओव्हनमधले स्पॅनिश बटाटा ऑम्लेट : भाज्या घातल्या की पाणी का सुटते?

कोयरी (नाशिक)

स्पेनमध्ये ज्याला ‘तोर्तिया’ म्हणतात ते बटाट्याचे जाड ऑम्लेट मी गेल्या रविवारी पहिल्यांदाच केले आणि ते इतके फसले की, नेमके काय चुकले हे जाणकारांना विचारल्याशिवाय पुन्हा अंडी फोडण्याचा धीर होत नाही. गेल्या वर्षी उजवे मनगट मोडल्यापासून भरलेला जड तवा ताटलीवर उपडा करणे मला जमत नाही, म्हणून गॅसऐवजी ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, भाजण्याचा मार्ग निवडला. त्यातच घरात थोड्याथोड्या भाज्या उरल्या होत्या, त्याही घातल्या.

चार मध्यम बटाटे कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन उकडले व त्यांच्या फोडी केल्या. सहा अंडी अर्धा कप दुधासह फेटली. त्यात एक लाल ढोबळी मिरची, एक झुकिनी, मूठभर पालक आणि एक टोमॅटो असे सर्व कच्चेच चिरून मिसळले. आठ इंची केकच्या भांड्याला तेलाचे बोट लावून मिश्रण ओतले आणि २०० अंशांवर ४५ मिनिटे ठेवले. बाहेर काढताना ते टम्म फुगलेले होते, पण टेबलावर येईपर्यंत मधोमध खचले. सुरी घालताच ताटलीत पोपटी पाणी पसरले आणि घास घेतल्यावर आदल्या दिवशीच्या ढोकळ्याची आठवण झाली. वरचा भाग करपलेला आणि तळ पांढराफटक होता.

हे पाणी भाज्यांचे, दुधाचे की बटाट्यांचे? आणि उलटवायचे नसेल, तर तळाला रंग येण्यासाठी काय करावे?

पाटवडी (माद्रिद)

पाणी तिघांचेही आहे, आणि चौथा वाटा खुद्द अंड्यांचा आहे. अंडे गरजेपेक्षा जास्त तापले की त्यातील प्रथिनांची जाळी आवळत जाते आणि धरून ठेवलेले पाणी बाहेर पिळून टाकते; २०० अंशांवर ४५ मिनिटे ही त्या जाळीला दिलेली शिक्षाच झाली. त्यामुळे भाज्या अगदी कोरड्या घातल्या असत्या तरी थोडे पाणी सुटलेच असते.

मात्र मूळ चूक मला कुकरमध्ये दिसते. इथे बटाटा उकडत नाहीत. सोलून त्याचे पातळ, ओबडधोबड काप करतात आणि ते भरपूर ऑलिव्ह तेलात, मंद आचेवर, वीस ते पंचवीस मिनिटे शिजवतात. याला तळणे म्हणू नये, कारण कापांना रंग येऊ द्यायचा नसतो. तेलाने नुसते हलके बुडबुडे धरावेत एवढीच आच ठेवतात. उलथन्याच्या कडेने दाबल्यावर काप विरोध न करता तुटला की झाले. मग सर्व चाळणीत निथळत ठेवतात, आणि ते तेल टाकून न देता पुढच्या खेपेसाठी गाळून ठेवतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा अर्धा किलो बटाट्यांसाठी पाव लिटरहून अधिक तेल ओतलेले पाहून माझ्यातला मराठी गृहस्थ हादरला होता, पण निथळल्यावर त्यातले बरेचसे भांड्यात परत येते.

उकडलेला बटाटा पाणी पिऊन बसलेला असतो, त्यामुळे तो अंडे आत घेत नाही. तेलात शिजलेला कोमट काप मात्र फेटलेल्या अंड्यात पंधरा मिनिटे नुसता ठेवला, तरी कडांनी थोडा विरघळतो आणि मिश्रण दाटसर होते. ही पंधरा मिनिटे वाचवू नयेत. दूध तर घालूच नये. दाटपणा बटाट्यातून येतो.

ओव्हनच वापरायचा असेल तर बटाटेही त्यातच शिजवता येतील. सहाशे ग्रॅम बटाट्यांचे काप पाऊण चमचा मीठ आणि पाव कप तेलात नीट घोळवावेत, ट्रेमध्ये पसरून वर फॉइल घट्ट लावावी आणि १८० अंशांवर सुमारे ३५ मिनिटे ठेवावेत. फॉइल महत्त्वाची आहे, कारण झाकले नाही तर काप मऊ होण्याऐवजी वाळतात व त्यांचे वेफर होतात. एवढ्या बटाट्यांना आपल्याकडची आठ अंडी लागतील. इथल्या पाककृतींत सहा लिहिलेली असली, तरी युरोपातले ‘एल’ आकाराचे अंडे ६३ ते ७३ ग्रॅमचे असते आणि आपल्या बाजारातले साधारण पन्नासचे, हा फरक विसरू नये.

भाज्या घातलेल्या तोर्तियाला इथे ‘पाइसाना’, म्हणजे गावाकडची, म्हणतात. तिच्यात लाल ढोबळी मिरची आणि मटार बहुधा असतातच. मांसाहारी घरांत हॅम किंवा चोरिसो हे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेजही पडते. झुकिनीची आणि पालकाची तोर्तियाही सर्रास होते, परंतु एकही भाजी कच्ची जात नाही. झुकिनीचे काप मीठ लावून अर्धा तास ठेवावेत, पंचात पिळावेत आणि मग परतावेत. पालक नुसत्या कढईत बसवून, निवल्यावर मुठीत घट्ट पिळावा. मूठभर पालकाचा लिंबाएवढा गोळा उरला पाहिजे. ढोबळी मिरची व कांदा तेलावर इतके परतावेत की कढईत वाफ दिसेनाशी होईल आणि तेलाचा चरचराट ऐकू येईल. टोमॅटो मी घालणार नाही. सर्व भाज्या शिजून दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त भरू नयेत, नाहीतर काप सुटे पडतात.

बिडाचा तवा (पुणे)

पाटवडी यांनी मिश्रणाचे सर्व सांगितले आहे, मी फक्त ओटीजीबद्दल लिहितो, कारण तळ पांढरा आणि माथा करपलेला हा ओटीजीचा जुना आजार आहे. मिश्रण थंड भांड्यात ओतले की बराच वेळ भांडे तापण्यातच जातो, आणि तोवर वरची कांब माथा भाजत राहते. भाजताना फक्त खालची कांब चालू ठेवावी आणि वरची अखेरची तीन मिनिटे, नुसत्या रंगापुरती लावावी.

भांडे शक्य तर बिडाचे घ्यावे. माझ्याकडे नऊ इंची उथळ बिडाचे पॅन आहे; ते दोन चमचे तेलासह रिकामेच ओटीजीत ठेवून १८० अंशांवर पंधरा मिनिटे तापवतो आणि तेथल्या तेथे, जाळी थोडी बाहेर ओढून, मिश्रण त्यात ओततो. ओतताना कडेने ‘चर्र’ असा आवाज आला पाहिजे. तो आला की तळाची पापुद्र्याएवढी जाड साय लगेच धरते, ती चिकटत नाही आणि तिलाच पुढे बदामी रंग चढतो. पॅन उचलावे लागत नसल्यामुळे मनगटावर भारही येत नाही. केकचेच भांडे वापरायचे असल्यास तळ सुटा होणारे नको, कारण अंडे फटीतून गळते आणि खालच्या कांबेवर पडून घरभर वास सुटतो. हे अनुभवाने सांगतो.

ओतल्यावर तापमान १७० वर आणावे व अठराव्या मिनिटापासून पाहत राहावे. जाळीला हलका धक्का दिल्यावर कडा स्थिर राहून मधला वाटीएवढा भाग घट्ट दह्यासारखा थरथरला, की ओटीजी बंद करावा. उरलेले काम भांड्यातली उष्णता करते. फुगण्याची वाट पाहू नये. टम्म फुगले याचा अर्थ उशीर झाला.

बटाट्यांबद्दल एक सूचना आहे. शीतगृहात फार थंड राहिलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, त्यामुळे तो शिजण्याआधीच तपकिरी पडतो व गोडसर लागतो. चिरल्यावर कडक आणि चवीला गोड नसलेला बटाटा निवडावा.

अर्धा चहा (ठाणे)

सर्व पटले, पण ओव्हनमध्ये, न उलटता भाजलेल्या प्रकाराला तोर्तिया म्हणावे का? माझ्या समजुतीप्रमाणे ही इटलीची फ्रित्ताता झाली. शिवाय गालिसियातल्या बेतान्सोस गावची तोर्तिया आतून वाहती असते असे वाचले आहे. आपल्या हवेत तसे अर्धवट अंडे खाणे मला धोक्याचे वाटते.

पाटवडी (माद्रिद)

नावाबद्दल आपण म्हणता त्यात तथ्य आहे. ताटली ठेवून उलटवणे हा या पदार्थाचा जीव मानला जातो आणि त्यामुळेच दोन्ही बाजू गोलसर, उशीसारख्या होतात. तरीही इथल्या घरांत ‘ओव्हनमधली तोर्तिया’ असे सरळ म्हणून ती केली जाते, आणि त्यावर कोणी रागावलेले मी पाहिले नाही. लोक चिडतात ते कांद्यावरून. तोर्तियात कांदा असावा असे म्हणणारे आणि नसावा असे म्हणणारे यांचे दोन तट आहेत, त्यांना स्वतंत्र नावेही आहेत, आणि त्यांचा वाद आपल्याकडच्या ‘आमटीत गूळ’ या वादापेक्षा तसूभरही कमी नाही. मी कांद्याच्या बाजूचा आहे, आणि बेतान्सोसची तोर्तिया कांद्याविना असूनही आवडीने खातो.

अर्धवट अंड्याबद्दलची काळजी इथल्या शासनालाही आहे. उपाहारगृहांतील अंड्याचे पदार्थ मध्यभागी ७५ अंशांपर्यंत तापले पाहिजेत असा नियम १९९१ मध्ये आला. २०२२ मध्ये तो थोडा सैल करून ७० अंशांवर २ सेकंद किंवा ६३ अंशांवर २० सेकंद असे पर्याय दिले गेले. घरी खुपसायचा थर्मामीटर असल्यास मध्यभागी ७२ दिसताच भांडे बाहेर काढावे. एवढ्याने अंडे सुरक्षितही होते आणि ओलसरही राहते.

कोयरी (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा केले. बटाटे फॉइलखाली ३५ मिनिटांत पुरेसे मऊ झाले नाहीत, आमच्या ओटीजीला ४५ लागली. बिडाचे पॅन नव्हते, म्हणून धिरड्यांचा खोलगट बिडाचा तवा वापरला, आणि ओतताना तो ‘चर्र’ आवाज खरोखर आला. पालक पिळल्यावर लिंबाएवढा नव्हे, सुपारीएवढाच उरला. पुढच्या वेळी जुडीच घेईन.

एकविसाव्या मिनिटाला बाहेर काढले, दहा मिनिटे तसेच ठेवले आणि मग तव्यातच त्रिकोणी तुकडे कापले. पाण्याचा थेंब नव्हता, तळ बदामी होता, आणि कापलेल्या बाजूने बटाट्यांचे थर एकावर एक स्पष्ट दिसत होते. सासूबाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला, मात्र सोबत हिरव्या मिरचीचा ठेचाही घेतला. तव्याच्या कडेला एका जागी थोडे चिकटले आहे. तिथे तेल पोहोचले नसावे, की तवाच अजून पुरेसा मुरलेला नाही?

बिडाचा तवा (पुणे)

तवा मुरलेला नाही. कोमट पाण्याने धुऊन, लगेच गॅसवर कोरडा करून त्याला तेलाचे पातळ बोट फिरवावे, आणि पुढची दोन-तीन वेळा त्यात फक्त धिरडी करावीत.