गोपीचंद: राष्ट्रीय प्रशिक्षक आणि अकादमीचा मालक, दोन्ही एकाच वेळी असावं का?

शटलवेडा:
पुल्लेला गोपीचंद बॅडमिंटनचा राष्ट्रीय प्रशिक्षक असताना स्वतःची अकादमीही चालवतो, हे चुकीचं आहे, असं अनेकदा वाचायला मिळतं. मला ते अजिबात पटत नाही. २००१ ला ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकल्यावर (१९८० च्या प्रकाश पदुकोणनंतर हा दुसराच भारतीय) त्याने शीतपेयाची जाहिरात नाकारली आणि पुढे अकादमीसाठी राहतं घर गहाण टाकलं. २००६ ला तो राष्ट्रीय प्रशिक्षक झाला, २००८ ला हैदराबादच्या गच्चीबावलीत अकादमी सुरू झाली. लंडनला सायनाचं कांस्य, रिओला सिंधूचं रौप्य. त्याआधी बॅडमिंटनमध्ये आपलं एकही ऑलिंपिक पदक नव्हतं. अकादमी नसती तर हे कुठून आलं असतं?

दुहेरीवाली:
पदकं कोण नाकारतंय? संघनिवडीत ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याच्याच अकादमीत निम्मे दावेदार शिकत असतील, तर बाहेरच्या पोराने कुणाकडे बघायचं? दुहेरीची खेळाडू ज्वाला गुट्टा हे वर्षानुवर्षं उघडपणे बोलत आली. ती स्वतः हैदराबादची. २०११ ला अश्विनी पोनप्पासोबत तिने जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. दुहेरीकडे दुर्लक्ष होतं, ही तिची तक्रार तिच्या कामगिरीमुळे तरी ऐकून घ्यायला हवी होती. आणि सायना २०१४ ला बंगळुरूला प्रशिक्षक विमलकुमार यांच्याकडे गेली, २०१५ ला जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. म्हणजे वाट एकच नव्हती.

शटलवेडा:
सायना २०१७ ला परत गोपीचंदकडेच आली, तेही सांगा ना.

मिरजकर:
मला वेगळंच सांगायचंय. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत, आपल्या पुण्यात, दुहेरीचा सामना खेळताना गोपीचंदचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्याच गुडघ्यावर सात वर्षांनी त्याने बर्मिंगहॅमला ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात चीनच्या चेन हाँगला सरळ गेममध्ये हरवलं. असा माणूस पहाटे साडेचारला कोर्टवर उभा राहून सरावासाठी स्वतः फुलं (शटल) देतो, तेव्हा समोरची पोरगी थकले म्हणायला धजत नाही. रिओआधी तीन महिने त्याने सिंधूचा मोबाईल काढून घेतला, आईस्क्रीम बंद केलं. स्वतः खेळून दुखापत सोसलेल्यानेच हे सांगावं. नुसती पदविका घेतलेल्या कोचचं कुणी ऐकलं नसतं.

दुहेरीवाली:
मिरजकर, हे मान्य, पण मुद्दा निवडीचा होता. २०२२ चा थॉमस कप, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा बघा. अंतिम सामना इंडोनेशियाविरुद्ध ३-० ने जिंकलो. लक्ष्य सेन बंगळुरूच्या पदुकोण अकादमीतला. चिराग शेट्टी आपला मुंबईचा, गोरेगावला घडलेला. त्याची सात्त्विकसोबत दुहेरीची जोडी जुळवली ती मलेशियाचे प्रशिक्षक टान किम हर यांनी. टोकियोत सिंधूला कांस्य मिळालं तेव्हा सोबत कोरियाचे प्रशिक्षक पार्क ते-सांग होते. अनेक हात लागले तेव्हा संघ जगज्जेता झाला.

शटलवेडा:
पण सात्त्विक-चिराग सराव कुठे करत होते? गच्चीबावलीतच. त्याच संघातला श्रीकांतही तिथलाच. टान सरांना तयार कोर्ट आणि तयार पोरं तिथे मिळाली. तरी एक मान्य करतो: संघ निवडायच्या बैठकीत अकादमी चालवणाऱ्याला मत नसावं. प्रशिक्षक म्हणून त्याचं म्हणणं लेखी घ्या, मत देऊ नका. हा नियम गोपीचंदपुरता नको, पदुकोण अकादमीलाही तोच हवा.

दुहेरीवाली:
लेखी घ्याल तर ते खेळाडूंनाही वाचायला द्या. वगळलेल्या पोरीला कारण कळायलाच हवं.